गॉर्डन फ्रीझनची वेळ

लूप व्हॅली क्रीडा मंडळ त्या मे महिन्यात कायमचं बंद व्हायचं होतं. नेब्रास्कातल्या आठ छोट्या कॉलेजांनी एकोणीसशे एकवीस साली ते काढलं आणि एकशे तीन वर्षं चालवलं. आता दोन कॉलेजांना टाळं लागलं होतं, तीन दुसऱ्या मोठ्या मंडळात गेली होती. उरलेल्या तिन्ही कॉलेजांनी त्यांच्यापैकीच एका, वेस्टरहोम कॉलेजच्या मैदानावर शेवटची स्पर्धा भरवायचं ठरवलं.

मंडळाची शेवटची पुस्तिका लिहायचं काम आर्डिस वोंड्राचेककडे आलं. बत्तीस वर्षं सगळ्या नोंदी तिच्याच हातात होत्या. एखाद्या जुन्या वर्षाचा भालाफेकीतला विजेता हवा असला, की लोक कपाट न उघडता आर्डिसलाच विचारत. पुस्तिकेत तिने सगळं आणलं होतं: अकरा राष्ट्रीय विजेते, ऑलिंपिकपर्यंत पोचलेली एक गोळाफेकपटू, आणि युद्धाच्या काळात मुलं उरली नाहीत म्हणून तीन कॉलेजांनी मिळून एकच संघ उतरवला ते वर्ष. नवव्या पानावर एक चौकट होती. 'गॉर्डन फ्रीझन, ८०० मीटर, १ मिनिट ४८.९ सेकंद, १९७८. मंडळाचा सर्वांत जुना अबाधित विक्रम.'

ती चौकट आर्डिसने चारदा पुसली होती आणि चारदा पुन्हा टाइप केली होती.

अठ्ठ्याहत्तर साली ती एकोणीस वर्षांची होती आणि शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभी होती. वेळ घेणारे तिघं होते. एकाचं घड्याळ मध्येच अडकलं. नियम असा, की दोनच घड्याळं उरली तर जास्तीची वेळ धरायची. गॉर्डन रेषा ओलांडून गेला आणि मुख्य वेळाधिकारी असलेले प्राध्यापक ओरडले, "अठ्ठेचाळीस नऊ! पोरी, तुझं?" आर्डिसच्या घड्याळात एकोणपन्नास आठ होते. पण लोक आधीच नाचायला लागले होते. आपलंच बोट उशिरा पडलं असेल असं तिला वाटलं. "तेवढंच," ती म्हणाली आणि काटा शून्यावर नेला.

पुढे सांगता आलं असतं. पण त्याच शरद ऋतूत गॉर्डन मक्याच्या कोठारात उतरला आणि दाण्यांखाली गाडला जाऊन मरण पावला. त्यानंतर तो आकडा आकडा राहिला नाही. त्याची आई हुल्डा दरवर्षी स्पर्धेला यायची, रेषेजवळच्या खुर्चीवर बसायची आणि आठशेच्या विजेत्याला चषक द्यायची. आर्डिस शेजारी उभी असायची. इतक्या वर्षांत एकोणपन्नास आठच्या आतही कोणी आलं नव्हतं.

शेवटच्या स्पर्धेत ओमाहाचा गाटवेच रूट आठशे मीटर धावला. सुदानहून आलेल्या आईबापांचा, उंच, शांत पोरगा. दुसऱ्या फेरीत तो एकटाच पुढे निघाला, आणि फलकावर आकडा आला: १ मिनिट ४९.३. विक्रम चार दशांशांनी हुकल्याचं ध्वनिक्षेपकावर सांगितलं, तेव्हा मैदानभर हळहळ पसरली.

एक्क्याण्णव वर्षांच्या हुल्डाने चषक देताना त्याच्या गालावर हात फिरवला. "थोडक्यात वाचला रे माझा गॉर्डन."

"मी जीव तोडून पळालो, मॅडम," तो हसून म्हणाला. "तुमच्या मुलाला गाठणं अवघड आहे."

आर्डिसला तिथे उभं राहवेना. ती तडक मंडळाच्या प्रमुखाच्या, मेरिट ऑस्टरगार्डच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं.

मेरिटने कपाळ चोळलं. "वेडी आहेस का, आर्डिस? महिन्याभरात मंडळच नसणार. तक्रार कोणाची आहे?"

"त्या मुलाची. त्याला माहीत नाही म्हणून तो करत नाही, एवढंच."

"आणि म्हातारीला काय सांगशील?"

"तिलाच आधी सांगते. मग छाप."

रविवारी चर्च सुटल्यावर ती हुल्डाच्या मुलीच्या शेतावर गेली. हुल्डा पुढच्या ओसरीवर बसली होती.

"ये गं. रूबार्बचा 'पाय' भाजलाय, गोड आहे, खातेस?"

"आधी ऐका, मिसेस फ्रीझन. मग द्यावासा वाटला तर द्या."

तिने काही लपवलं नाही. हुल्डा समोरच्या शेताकडे बघत ऐकत होती.

"दरवर्षी कोणी विक्रमाच्या जवळ आलं की मी खुर्ची घट्ट धरायचे," ती शेवटी म्हणाली. "आणि तू शेजारी उभी."

"हो."

"मग खरी वेळ किती?"

"एकोणपन्नास आठ. तरी त्याने जुना विक्रम मोडला होताच. पहिलाच आला होता तो."

"ते नको सांगूस मला. मी होते तिथे." "हे आणखी कोणाला ठाऊक होतं?"

"कोणालाच नाही."

"म्हणजे माझ्या पोराचं खरं होतं ते तू स्वतःकडे ठेवून घेतलंस, आणि मला खोटं दिलंस."

हुल्डाने रस्त्याकडे बोट केलं.

"जा आता. आणि त्या पोराचं नाव लिही. नीट लिही, अक्षर चुकवू नकोस."

नववं पान बदललं. खाली आर्डिसने स्वतःच्या नावाने चूक कबूल केली. गॉर्डनबरोबर धावलेल्या दोघांनी तिला खरमरीत पत्रं पाठवली. एका जुन्या मैत्रिणीने दुकानात तिला पाहून वाट बदलली. गाटवेचला तिने फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे विक्रम माझा?"

"तुझाच."

"त्यांच्या आईला कळलंय?"

"तुझं नाव लिहायला त्यांनीच सांगितलं."

"मग मी आनंद कसा करू, तेवढं सांगा मला," तो म्हणाला.

जुलैत हुल्डाचा फोन आला. "गुरुवारी ये." बाकी काही नाही.

आर्डिस गेली तेव्हा हुल्डा त्याच ओसरीवर खुर्चीत होती, गुडघ्यांवर गोधडी घेऊन. माफीचा विषय दोघींनीही काढला नाही.

"मी होते तिथे, असं म्हटलं ना तुला," हुल्डा म्हणाली. "होते. पण शेवटच्या वळणावर मी डोळे मिटले. तो पडेल अशी भीती वाटली. उघडले तेव्हा संपलं होतं. हे मी त्यालासुद्धा सांगितलं नाही. तू रेषेवरच होतीस. सांग मला."

आर्डिसने खुर्ची जवळ ओढली. वळणावर तो तिसरा होता, तिने सांगितलं. मग बाहेरच्या बाजूने पुढे निघाला. डोकं डावीकडे झुकलेलं होतं, तोंड उघडं, एका बुटाची नाडी सुटलेली. शेवटच्या वीस पावलांत त्याच्या पायांत काही उरलं नव्हतं, तरी तो कोणाला पुढे जाऊ देत नव्हता.

"नाडी कोणत्या पायाची?" हुल्डाने विचारलं.

"उजव्या."

हुल्डाने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.