हादरे काढलेली प्रत

बूट मानेवर आदळला आणि ताईने चित्र थांबवलं. एक चौकट मागे घेतली. बूट हवेत. एक चौकट पुढे. बूट कानाखाली, आणि लिफ्टवाल्याचं डोकं असं वळलेलं, जसं जिवंत माणसाचं वळत नाही. सकाळपासून हे तिने चाळीसेक वेळा तरी पाहिलं होतं. दर वेळी तिच्या स्वतःच्या मानेत कळ यायची, आणि दर वेळी ती मान चोळून पुन्हा मागे जायची.

"हीच ती लाथ," मागे उभा असलेला इन्स्पेक्टर म्हणाला. "बरगड्या, दात, हाताची बोटं, सगळं आधीच मोडलेलं होतं. पण जीव घेतला तो हिने. डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय. आता मला एवढंच सांगा, हा पाय कुणाचा?"

"पाय दिसतोय. माणूस मारणाऱ्यांच्या पाठींआड आहे, कुणाच्याच चित्रणात दिसत नाही."

"ते मलाही दिसतंय हो, ताई."

तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला इन्स्पेक्टरही तिला ताईच म्हणायचा. त्या प्रयोगशाळेत तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पुसट, हललेली, अंधारलेली चित्रं साफ करायची, आणि एकाच जागेची वेगवेगळ्या बाजूंनी काढलेली चित्रं जुळवून ती जागा संगणकात जशीच्या तशी उभी करायची, हे तिचं काम. सोळा वर्षं ती ते करत होती. तिच्याइतका चिवट माणूस त्या खात्यात दुसरा नव्हता, असं लोक म्हणत आणि तिलाही तसं वाटे.

बारा दिवसांपूर्वी, भर दुपारी, एका सोसायटीत लिफ्ट दुरुस्त करून निघालेल्या माणसाला खालच्या पार्किंगमध्ये लोकांनी मारून टाकलं होतं. खांद्याला हत्यारांची पिशवी, कपड्यांना ग्रीस, चेहरा अनोळखी. झालं, तेवढं पुरलं. कुणीतरी 'चोर' म्हणून ओरडलं आणि एरवी पाण्याची बादली उचलताना ज्यांची कंबर धरते असे सहा बापे त्याच्यावर तुटून पडले. चार मिनिटं दहा सेकंद ते मारत होते. नऊ जणांनी ते फोनवर टिपलं. याच फोनवरून पोलिसांनाही बोलावता येतं, हे त्या नऊ शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

नववा फोन ताईच्या सख्ख्या धाकट्या भावाचा होता. तो तिथेच तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्याने स्वतःहून ठाण्यात जाऊन फोन दिला होता, आणि फोन वर चेहऱ्यांकडे रोखलेला असल्यामुळे त्याच्याच चित्रणात सहाही जण ओळखू आले होते. 'हा माझा भाऊ आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या,' असं ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इन्स्पेक्टरने ते उडवून लावलं होतं. साक्षीदार आहे, आरोपी थोडाच आहे? उलट अशी माणसं आता मिळतात कुठे?

"सहाही जणांच्या बूट-चपला जप्त केल्यात," इन्स्पेक्टर आता म्हणाला. "एकाचाही हा बूट नाही. म्हणजे सातवा कुणीतरी आहे आणि तो मोकळा फिरतोय. तो मिळाला नाही तर हे सहाही जण कोर्टात सातव्याकडे बोट दाखवतील आणि सुटतील. संध्याकाळच्या आत काहीतरी द्या. आणि हो, लिफ्टवाल्याची बायको बाहेर बाकावर बसलीय, त्याची हत्यारं न्यायला. कागद पाठवतो मी. तुमचा भाऊही चार वाजता येतोय ना, फोन न्यायला? भला माणूस. हात कसा दगडासारखा स्थिर! माझा तर लग्नातले फोटो काढतानाही हलतो."

तो गेला. ताईने पार्किंग पडद्यावर आणलं.

आठ फोनांतून ते छान उभं राहिलं होतं. चार खांब, दोन स्कूटर, भिंतीला टेकवलेली शिडी, फरशीवरचा तो काळपट ओघळ. प्रत्येक फोन म्हणजे एक छोटासा रंगीत कोन. त्याचं टोक जिथे, तिथे फोन धरणारा उभा. संगणक नुसती जागाच उभी करत नाही, ती कुणी कुठून पाहिली तेही सांगतो. आठ कोन शहाण्यासारखे आपापल्या जागी बसले होते. नववा काही केल्या बसेना. एकदा तो भिंतीत शिरायचा, एकदा छतावर जायचा.

"काय रे बाबा, तुझं काय दुखतंय?" ती त्या कोनाशी बोलली. कामात अडलं की ती अशीच बोलायची.

मग तिला आठवलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. पहिल्या दिवशी इन्स्पेक्टरला घाईने चेहरे हवे होते, म्हणून तिने भावाचं चित्रण स्थिर करून दिलं होतं. चित्र स्थिर करायचं म्हणजे प्रत्येक चौकट थोडी सरकवून हादरे काढून टाकायचे, आणि सरकवल्याने उघड्या पडलेल्या कडा कापायच्या. दहा मिनिटांचं काम. हात सवयीने करतात. तीच प्रत त्याच नावाने तशीच पडून राहिली होती, आणि आज तिने मूळ चित्रण सोडून ती साफ केलेली प्रत संगणकाला दिली होती. सरकवलेल्या चौकटींवरून फोन कुठे होता हे त्याला कळणार कसं? दगडासारखा स्थिर हात भावाचा नव्हताच. तो तिने बनवला होता.

नवीन माणसाने असं केलं असतं तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. निमूटपणे तिने मूळ चित्रण काढलं आणि यंत्राला दिलं.

कोन लगेच बसला. खांबामागे नाही, लांब नाही. लिफ्टवाल्यापासून दीड पावलावर, जिथून बूट आला होता नेमकं तिथे.

 तिने हादऱ्यांचा आलेख उघडला. सुरुवातीला बारीक थरथर, भ्यालेल्या हाताची. मग शेवटाकडे तीन मोठे हादरे: फोन मागे कलतो, खचकन खाली येतो, सावरतो. एक. दोन. थोडं थांबून तीन. तिसरा हादरा त्याच क्षणी, ज्या क्षणावर ती सकाळपासून पुढेमागे करत बसली होती. आणि त्या चौकटीत अगदी खालच्या कडेला, तिने पहिल्या दिवशी कापून टाकलेल्या पट्टीत, बुटाचं टोक होतं.

 तिने ते टोक मोठं केलं आणि सकाळपासूनच्या बुटाशेजारी ठेवलं. तोच बूट. तिचा जीव होता भावावर, हे लपवण्यात अर्थ नाही. झुरळ निघालं तरी तो तिला हाका मारायचा. मारायलाही तीच आणि उचलून टाकायलाही तीच.

चारला पाच मिनिटं असताना तो आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट.

"काय गं, चेहरा का असा? जेवली नाहीस ना? दे पटकन फोन, दुकानात पोरगा एकटाच बसवून आलोय."

फोन टेबलावर प्लास्टिकच्या पाकिटात होता. तिने तो आपल्याकडे ओढला.

"बस. तू कुठे उभा होतास?"

"सांगितलंय की सगळं. खांबापाशी."

"किती लांब?"

"असेन दहा-बारा पावलं. का?"

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "हा लिफ्टवाला. आणि हा तू."

त्याने पाहिलं. "मशीन चुकतं ना कधीकधी? तूच म्हणतेस."

"चुकतं. आज दुपारपर्यंत चुकत होतं, कारण मी त्याला खोटं खायला घातलं होतं. आता नाही चुकत. हे बघ, घाबरलेला हात असा हलतो. चालताना फोन असा हलतो. आणि हे..."

ती उठली. स्वतःचा फोन छातीशी धरला आणि समोरच्या खुर्चीला सगळा जीव लावून लाथ मारली. खुर्ची कपाटावर जाऊन आपटली, तिचा एक पाय निखळून पडला.

"हे असं, धाकट्या. तीनदा."

तो भिंतीला टेकला. बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं.

"मी नव्हतो मारत," तो अगदी हळू म्हणाला. "आईशप्पथ, ताई. ते सहा जण मारत होते. मी नुसता काढत होतो. तर तो त्यांच्या पायांतून सरपटत निघाला आणि थेट माझ्याकडे आला. एवढी माणसं होती, पण माझ्याचकडे. माझा पाय धरला. दोन्ही हातांनी. सोडेचना."

"बोटं मोडली होती त्याची. सात बोटं. मोडलेल्या बोटांनी असं किती घट्ट धरलं असेल रे?"

त्याने तोंडावर हात घेतला.

"काय म्हणाला?"

"दादा म्हणाला. दादा, सांगा ना यांना." त्याचा आवाज चिरकला. "आणि ते सगळे थांबले गं. थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, काय रे, तुझ्या ओळखीचा आहे का? मला वाटलं, आता मलाही त्याच्यातला समजतील, मलाही घेतील..."

ताई आपल्या खुर्चीत बसली. चित्रणात ते सतरा सेकंद तिने पाहिले होते. कुणी लाथ मारत नाही, कुणी हलत नाही, बघ्यांच्या गलक्यात शब्द कळत नाही. तिने अहवालाच्या मसुद्यात लिहिलं होतं: हल्लेखोर दम खाण्यासाठी थांबले.

"सतरा सेकंद थांबले होते ते," ती म्हणाली. "नुसतं 'हो, ओळखीचा आहे' म्हणाला असतास तरी..."

"मला माहितीय!" तो ओरडला. मग बाहेर ऐकू जाईल म्हणून आवाज दाबून, "मला माहितीय गं. बारा दिवस मी दुसरं काय करतोय? पाय सोडवायला मारलं मी. पहिल्या लाथेला नाही सोडला त्याने. दुसरीला सुटला."

"आणि तिसरी?"

 ती वाट बघत राहिली. काहीतरी म्हण, तिला वाटत होतं, तोल गेला म्हण, पाय घसरला म्हण. तो फरशीकडे बघत राहिला.

"फोन कशाला नेऊन दिलास पोलिसांना?"

"काढणारा चित्रात नसतो ना." तो पुढे झाला, टेबलावर दोन्ही हात ठेवले. "ताई, ऐक माझं. पहिली प्रत आहेच की तुझ्याकडे. त्यात काहीच नाही. तीच राहू दे. पाय ओळखता आला नाही असं लिही, कोण विचारतंय? आणि फोन दे मला. ते सहा जण आत आहेतच ना? त्यांनीच मारलंय त्याला. मी पाया पडतो तुझ्या."

तो खरंच वाकला. गुडघ्यावर आला आणि टेबलाखालून तिचा पाय धरायला हात पुढे केला.

"धरू नकोस!" ताई किंचाळली आणि पाय मागे घेतला. किती जोरात घेतला ते तिलाच कळलं. टाच खुर्चीच्या दांड्यावर आपटून झिणझिण्या आल्या. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. मग तिने पाकिटातल्या फोनवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने टेबलावरचा रिसीव्हर उचलला.

तिने इन्स्पेक्टरचा नंबर फिरवायला सुरुवात केली तसा तो उठला. तोंड पुसलं, दार उघडलं आणि बाहेर पडला. ती वायर ताणत दारापर्यंत गेली.

बाकावरची बाई उभी राहिली होती. वय फार तर तीस. हातात घडी केलेली रिकामी कापडी पिशवी, नवऱ्याची हत्यारं भरून न्यायला. आत मघाशी कोण गेलं ते तिने शिपायाला विचारून घेतलं असावं, कारण ती सरळ त्याच्या वाटेत आली आणि त्याचा हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"तुम्हीच ना ते? साहेबांनी सांगितलं, तुमच्यामुळे ते सहा जण सापडले." तिने रडू आवरलं होतं. "सगळे मारत होते आणि तुम्ही एकट्यानेच नाही मारलं. मला तुम्हाला एवढंच विचारायचं होतं. तुम्ही जवळ होतात. शेवटी काही बोलले का हो ते, दादा?"

  त्याने हात सोडवून घेतला नाही; तो तिच्या हातांत तसाच राहिला.

पलीकडून इन्स्पेक्टरने फोन उचलला. ताईचं सांगणं तीन वाक्यांत संपलं. मूळ चित्रण वेगळं आहे. सातवा माणूस म्हणजे ते काढणारा. माझा भाऊ.  पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"आता कुठे आहे तो? तुमच्याकडे आला होता ना? ताई, निघून तर नाही ना गेला?"

"नाही," दारात उभं राहून त्या दोघांकडे बघत ताई म्हणाली. "जात नाही तो कुठे. लिफ्टवाल्याच्या बायकोने हात धरलाय त्याचा."