गारूड

१९९४ साली करुणा बावड्याजवळच्या एका उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाली. तिच्या लसीकरणाच्या यादीत सारजाच्या नऊ महिन्यांच्या मुलीचं नाव होतं, पण सारजाची सासू साखरबाई करुणाला दारातूनच परत पाठवायची.

तिसऱ्या खेपेला करुणानं लसीचा विषयच काढला नाही. साखरबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. करुणाही शेजारी बसून फोडू लागली.

बऱ्याच वेळानं साखरबाई म्हणाली, "माझा थोरला सुई टोचल्यावर तापानं गेला. चार दिसांत."

करुणानं तिला काही समजावलं नाही. "नाव काय होतं त्याचं?" एवढंच विचारलं.

"भिमा," साखरबाई म्हणाली आणि मग तासभर त्याच्याबद्दलच बोलत राहिली. पुढच्या बुधवारी ती आपणहून नातीला घेऊन केंद्रावर आली.

त्यानंतर वस्तीवर बोलणं सुरू झालं, नर्सबाईनं म्हातारीवर गारूड केलंय. ते करुणाच्या मनाला लागलं. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून त्यांच्या घरात मंत्रतंत्राला थारा नव्हता. रविवारी ती कळसला माहेरी गेली आणि वडिलांना म्हणाली, "आबा, लोक मला चेटूक करणारी समजतात."

आबा निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "गारूड म्हणाले ना? गरुड सापाचा वैरी, म्हणून सापाचं विष उतरवायच्या मंत्राला गारूड म्हणत. तो मंत्र म्हणणारा गारुडी. पुढं गारुडी साप खेळवायला लागला, तसा शब्दही भुरळ घालण्यावर आला. मंत्रानं विष उतरत नाही, ते सोड. पण मुळात शब्द वाईट नाही."

"लोकांना कुठं माहीत आहे हे?"

"मग म्हणालं कोण, ते तरी विचारलंस का?"

बुधवारी साखरबाई शेजारच्या दोघी लेकुरवाळ्यांना सोबत घेऊन आली. करुणानं तिला बाजूला नेऊन विचारलं.

"मीच म्हणलं," साखरबाई म्हणाली. "भिमाचं नाव वीस वर्सांत कुणी इचारलं न्हवतं. तुमी इचारलं, अन् माझा हट्टच गेला. त्याला दुसरं काय म्हणू? वाईट वाटलं व्हय?"

"वाटलं होतं," करुणा म्हणाली.

साखरबाईनं त्या दोघींकडं परत जाऊन एकीचं रडणारं बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि त्याचा दंड मोकळा करून करुणापुढं धरला.