अण्णांच्या गाडीची पहाटेची तालीम

माझ्या लेकीला, श्रेयाला, थंडीत पहाटे धाप लागते. रोज नाही, पण लागायची ती सांगून लागत नाही. राजुरीत आमचं घर गावाबाहेर, मळ्यात, चहूकडे ऊस. अंधारात पोरीला मोटारसायकलवर घेऊन दवाखान्यात निघावं, तर बिबट्या कुठल्या सरीत बसलाय कोण जाणे. म्हणून सासऱ्यांची जुनी कार्बोरेटरवाली गाडी हाच आधार, आणि हिवाळ्यात ती ऊन अंगावर आल्याशिवाय उठायची नाही.

मग मी तालीम सुरू केली. श्रेया ठणठणीत असली तरी रोज पहाटे तिला शालीत गुंडाळून मी ओट्यावर, आणि सासरे, म्हणजे अण्णा, कानटोपी घालून गाडीत. गाडी कुंथायची, खोकायची, गप्प व्हायची. तिची झोप झाली नसंल, असं अण्णा म्हणायचे.

दोनदा ती आळेफाट्याला तालिबच्या गॅरेजात जाऊन आली. त्याने चोकची ढिली केबल ताणून बसवली. डॅशबोर्डखालची कळ पूर्ण ओढली की कार्बोरेटरची झडप मिटते, हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं, थंड इंजिन पेटतं. गरम झालं की कळ आत ढकलायची, हे सगळं त्याने मला बॉनेट उघडून दाखवलं. घरी आल्यावर पुन्हा तेच. मी त्याला फोनवर बरंच सुनावलं.

"वहिनी, माझ्याकडं रात्रभर उघड्यावर व्हती, पहिल्या चावीला उठली," तो म्हणाला. "तुमच्याच घरची हवा तिला मानवत न्हाई."

त्या संध्याकाळी मी घरात जाहीर केलं, रविवारी गाडी पहिल्या चावीला चालू झाली नाही तर हिवाळाभर श्रेयाला घेऊन मी माहेरी, चाकणला. तिथे दवाखाना समोरच आहे. बॅग भरून दारात ठेवली. सासूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. अण्णा श्रेयाला मांडीवर घेऊन तिचा मोजा काढत आणि पुन्हा घालत बसले.

शनिवारी पहाटे मी ओट्यावर न थांबता गाडीपाशी गेले. काचेतून बघितलं, अण्णांचा खांदा जोर लावत होता, पण हात काही मागे येत नव्हता. दार उघडून मोबाईलची बॅटरी मारली. चोकच्या कळीला काळा दोरा, त्याचे वेढे मागच्या पट्टीला, आणि गाठीवर गाठ.

"हे कुणी बांधलं?"

अण्णांनी नुसतं घराकडे बघितलं. सासूबाई पदराला हात पुसत आल्या.

"म्या बांधलाय. भीमाशंकरचा दोरा हाय, तोडायचा न्हाई. ती कळ वढली की गाडी काळा धूर वकती, आन् पोरीला ढास लागती. गॅरेजात जायची आसली की सोडती, आली की मी परत बांधती."

मी गाडीच्या मागे जाऊन बघितलं. गाडीची धुराची नळी ओट्याकडे, नेमकी आम्ही मायलेकी उभ्या राहतो तिथेच होती.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हतं की. तोडला तर ही बोलणार, न्हाई तोडला तर तू. तू शिकल्याली, जरा हळू बोलतीस."

दोरा तोडला नाही. सासूबाईंनी दातांनी गाठी सोडवून तो आरशाला बांधला. आम्ही तिघांनी ढकलून गाडीची शेपटी उसाकडे केली.

रविवारी श्रेया घरातच, दार लावून. चोक मीच वढणार, असं सांगून सासूबाई अण्णांशेजारी बसल्या. त्यांनी कळ पार बाहेर ओढली, अण्णांनी चावी फिरवली, आणि गाडी एकदम उठली. काळा धूर उसात शिरला.

"आता बिबट्याला लागू दे ढास," अण्णा म्हणाले.

सासूबाईंनी लगेच कळ आत ढकलली. गाडी आचके द्यायला लागली.

"आगं, गरम तर व्हऊ दे तिला."

त्यांनी कळ पुन्हा ओढली आणि चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशा बॉनेटकडे बघत बसल्या.

मी बॅग उचलून ठेवायला आत गेले. दारात बॅग नव्हती. ती माळ्यावर होती, रिकामी. श्रेयाचे स्वेटर कपाटात होते, गाडी पुसायच्या फडक्यासारख्या चौकोनी घड्या घालून. तशा घड्या आमच्या घरात एकच माणूस घालतो, आणि तो अंधार असल्यापासून गाडीत बसला होता.