नोस वामोस

डॉक्टर शशी साने स्पॅनिश शिकले, पण वापरली ती बायकोला पार्टीतून उठवायलाच. चारचौघांत "चल, ऊठ" म्हणणं वाईट दिसतं, म्हणून ते गोड हसून म्हणायचे, "नोस वामोस." म्हणजे, आपण निघतोय. की सुलक्षणानं हातातली बशी ठेवून कोट घालायचा. गेल्या दिवाळीला इंग्लंडात, वॉटफर्डच्या मराठी मंडळात तिचं गाणं होतं, सहा महिने घोटलेलं. पेटीवर सूर लागला आणि मागून आवाज आला, "नोस वामोस." ती मुकाट उठली, पण त्या दिवशी तिनं डूख धरला.

डॉक्टरांच्या रिटायरमेंटला तोच हॉल, तीच माणसं. त्यांनी पंधरा पानांचं भाषण काढलं, घसा खाकरला.

"नोस वामोस," पहिल्या रांगेतून सुलक्षणा म्हणाली.

साठ खुर्च्या एकदम सरकल्या. महिनाभर फोनवरून तिनं सगळ्यांची शिकवणी घेतली होती. कोट चढले, आणि जो तो माइकपाशी हात जोडून म्हणाला, "येतो हं, डॉक्टर."

हॉल रिकामा झाल्यावर सुलक्षणानं कोपऱ्यातली पेटी पुढे ओढली.

"अहो, बसा आता. माझं गाणं राहिलंय."