गुरूला लावलेली काडी

जनकाबाईनं रांजणाच्या पोटावरून ओलं फडकं फिरवलं आणि गेरूचा एक पट्टा सपशेल पुसला गेला.

"आई! अवं, तो गुरूचा पट्टा होता!" पायल ओरडली.

"मले वाटलं, माती लागली हाय."

"राहू दे आता. तू हात नको लावू."

जनकाबाई फडकं घेऊन मागं सरली. घरी नळ आल्यापासून परसात उलटा पडलेला हा रांजण. पोरीनं तो चार दिवस घासला, गेरूचे आणि चुन्याचे आडवे पट्टे ओढले, नेलपॉलिशची अख्खी बाटली ओतून एक लाल डाग काढला आणि म्हणाली, हा गुरू ग्रह. असेल बापा. शाळेच्या व्हरांड्यात ओळीनं टेबलं मांडली होती, आणि पायलच्या टेबलावरच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गुरू ग्रह पेटवता येईल का?'

हा प्रश्न तिनं आठवीच्या वर्गात विचारला होता. प्रतीक्षा मॅडम शिकवत होत्या की गुरू म्हणजे वायूचा गोळा, त्यात मुख्यतः हायड्रोजन, आणि हायड्रोजन ज्वलनशील. झालं. पायल उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मंग गुरूले काडी लावली तर?" वर्ग खदाखदा हसला. आठवडाभर पोरं तिला काडीवाली म्हणत होती. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "याचं उत्तर तूच शोध आणि प्रदर्शनात दाखव," म्हणाल्या. इथं पहिला नंबर आला की मॉडेल बुलढाण्याला जाणार होतं, जिल्ह्याच्या प्रदर्शनात.

जनकाबाई त्याच शाळेत खिचडी शिजवायची. आज खिचडीसोबत पाहुण्यांचा चहाही तिच्याच गळ्यात पडला होता. पायलला लागणारा व्हिनेगर तिनंच सुलतानपूरच्या चायनीजच्या गाडीवरून मागून आणला होता, आणि खायचा सोडा घरातला. रांजणाच्या तळाशी दोन्ही मिसळले की वायू सुटतो आणि जड असल्यानं आतच बसून राहतो, एवढं तिला पोरीनं समजावलं होतं.

"काडी केंद्रप्रमुख साहेबांच्या हातून लावू," प्रतीक्षा मॅडम म्हणाल्या. "ते मोठे पाहुणे."

"नाही मॅडम," पायल म्हणाली. "अध्यक्षसाहेबांच्याच हातून."

"का गं?"

"शाळेचे अध्यक्ष तेच आहेत ना."

मॅडमना कौतुक वाटलं. जनकाबाईलाही वाटलं. पोरगी शहाणी झाली म्हणायची. अध्यक्ष म्हणजे अर्जुनराव. नवरा प्रेमानंद गेल्यावर जनकाबाईला खिचडीचं काम दिलं ते त्यांनीच. आपण ज्याचं खातो त्याचा मान पोरीला कळतो, या विचारानं तिचा जीव जरा निवला.

प्रेमानंद गेला तो अर्जुनरावांच्याच जुन्या विहिरीत. चार वर्षं झाली. भर उन्हाळ्यात गाळ काढायला चार माणसं लावली होती. जुन्या विहिरीत उतरायचं तर आधी दोराला बांधून पेटता कंदील सोडायचा, ही तिकडची रीत. कंदील तळापर्यंत जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर कुणी पाय टाकत नाही. मग लिंबाची डहाळी दोराला बांधून खालीवर घुसळायची, वरून बादल्या ओतायच्या, आणि पुन्हा कंदील सोडायचा. त्यात दुपार मोडते, पण जीव राहतो.

त्या दिवशी बाकीची माणसं भाकर खायला लिंबाखाली गेली होती. विहिरीवर दोघंच होते, अर्जुनराव आणि प्रेमानंद. तास-दीड तासानं प्रेमानंद बाहेर काढला तो गेलेलाच. तळाला पाणी गुडघाभर. अर्जुनराव शपथेवर सांगत होते, "कंदील पार तळाले जळून राह्यला होता. म्या सोता पाह्यला. यानंच ढोसली होती." आणि गावानं निवाडा देऊन टाकला की गुडघाभर पाण्यात बुडतो तो पिलेलाच असणार.

पूर्वी तो प्यायचा, हे काही खोटं नव्हतं. पण त्या बुद्धजयंतीला त्यानं विहारात सगळ्यांपुढं पंचशील घेतलं होतं, यापुढं थेंबाला शिवणार नाही म्हणून. त्याला नऊच दिवस झाले होते. "नऊ दिवसाचं पंचशील," असं म्हणून पारावरची माणसं हसली. ते हसू जनकाबाईच्या काळजात असं रुतलं, की तिनं नवऱ्याचं दुःख करायच्या आधी त्याचा राग केला. मेला तर मेला, आणि जाता जाता तोंड काळं करून गेला! पुण्यानुमोदनाच्या दिवशी कुणी फोटोला हार घालायला आलं, तर तिनं फोटो उचलून पेटीत गोधड्यांखाली घातला. तो तिथंच होता.

तेव्हा पायल नऊ-दहा वर्षांची. तिनं एकदाच विचारलं होतं, "आई, बाबा खरंच पेले होते?"

आणि जनकाबाई भाकर थापता थापता म्हणाली होती, "हाव."

पाहुणे आले. ठिबक सिंचन झालं, हवेवर चालणारी गाडी झाली, आणि मंडळी रांजणापाशी पोचली. जनकाबाई चहाचा ट्रे घेऊन कडेला उभी राहिली. पायलनं पाठ केलेलं घडाघडा म्हणायला सुरुवात केली. घरात बोलते तशी नाही, पुस्तकातल्यासारखी.

"गुरूवर हायड्रोजन भरपूर आहे. पण काहीही जळायला ऑक्सिजन लागतो, आणि गुरूवर मोकळा ऑक्सिजन नाही. म्हणून तिथं काडी नेली तरी गुरू पेटणार नाही. मला हायड्रोजन भरता येत नाही, म्हणून या रांजणात ऑक्सिजन नसलेला दुसरा वायू भरला आहे. आग त्यात टिकते का, ते अध्यक्षसाहेब दाखवतील."

अर्जुनराव हसले. तारेच्या टोकाला छोटी मेणबत्ती खोचली होती. त्यांनी ती पेटवली, ऐटीत आजूबाजूला पाहिलं आणि तार रांजणात सोडली. पहिल्या पट्ट्याच्या खाली जाते न जाते तोच ज्योत विझली. कुणी फुंकर घातल्यासारखी.

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"अरे, वारं लागलं," अर्जुनराव म्हणाले.

"पुन्हा लावा, साहेब," पायल म्हणाली आणि काडेपेटी पुढं केली.

त्यांनी पुन्हा पेटवली. या वेळी एका हाताचा आडोसा धरून सोडली. पुन्हा विझली. पोरं आता मोठ्यानं हसली, आणि केंद्रप्रमुखही हसले. आपल्या हातून ज्योत टिकेना, हे अर्जुनरावांना काही रुचलं नाही.

"वारं नाही, साहेब," पायल म्हणाली. "आत ऑक्सिजन नाही. जुन्या विहिरीतही हाच वायू साचतो. तिथं कंदील विझला तर माणूस उतरवायचा नसतो."

"ये पोरी, हे पुस्तकातलं मले नको सांगू," अर्जुनरावांचा आवाज चढला. "जिंदगी विहिरीवर गेली माही. कंदील वाऱ्यानंबी इझते. आमच्या विहिरीवर दोनदा इझला, म्या म्हनलं उतर बे, काई होत ना..."

ते थांबले. ट्रे धरून उभी असलेली जनकाबाई त्यांना दिसली.

ऐकलं तर सगळ्यांनीच. पण गावात विहिरी काय थोड्या आहेत? कुणाला काही वाटलं नाही. मॅडम पुढच्या टेबलाकडं हात करत होत्या, केंद्रप्रमुख मोबाइल बघत होते. जनकाबाईनं मात्र ट्रे रांजणाशेजारी टेबलावर टेकवला. दोनदा इझला. दोनदा! आणि आपण चार वर्षं या माणसाचे उपकार मानत चूल फुंकली.

अर्जुनरावांनी हात पुढं करून एक कप उचलला. घोट घेतला.

"साखर कमी हाय, जनकाबाई," ते म्हणाले. तिच्याकडं न बघता.

तिनं साखरेची वाटी आणून दिली. दुसरं काय करणार होती? वाटीतली साखर घालून त्यांनी चहा दोनदा ढवळला आणि मंडळी पुढं सरकली.

पहिला नंबर ठिबक सिंचनाला मिळाला. गुरूला उत्तेजनार्थ. प्रमाणपत्रावर खाली अध्यक्षांची ठसठशीत सही होती.

चार वाजता मायलेकी रांजण मधे धरून घरी आल्या. पायलनं रांजण परसात नेऊन पालथा घातला. जनकाबाईनं पदर खोचला, पेटी उघडली आणि गोधड्या एकेक करून बाहेर फेकल्या. तळाशी फोटो होता. काच कोपऱ्यात तडकली होती. तिनं ती पदरानं पुसली, पुन्हा पुसली, आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या रिकाम्या खिळ्याला तो अडकवला. खिळा तिनं काढला नव्हता, हे तिला आत्ता दिसलं. आणि मग ती चार वर्षांत रडली नव्हती तेवढी रडली. नवऱ्याला दिलेल्या एकेका शिवीसाठी रडली.

पायल दारात उभी होती.

"पेला नोता तो," जनकाबाई म्हणाली. "पोरी, तुहा बाप पेला नोता."

"मले माहीत होतं."

जनकाबाईनं डोळे पुसले आणि लेकीकडं नीट पाहिलं. काडेपेटी अजून तिच्या मुठीत होती.

"कवापासून?"

"पहिलेपासून. त्या दिवशी सकाळी बाबानं मले जवळ घेतलं होतं. वास नोता येत."

"मंग मले काऊन नाई सांगतलं, माय?"

पायलनं काडेपेटी चुलीजवळच्या कोनाड्यात, रोजच्या जागी ठेवली.

"इचारलं होतं ना तुले," ती म्हणाली. "तू हाव म्हनली होती."