टेकडीमागची तंबाखू

हॉबर्ट फुल्ट्झ तंबाखू वाळत टांगायच्या कोठारात वरच्या वाशावरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. केंटकीच्या या डोंगराळ भागात अशा वेळी कुणाला बोलवावं लागत नाही. शनिवारी सकाळीच चर्चची माणसं कोयते, कुऱ्हाडी आणि हातोड्या घेऊन त्याच्या अंगणात हजर झाली. सगळ्यांच्या पुढे क्लेल रॅमी होता.

जुलैत गारा पडल्या, तेव्हा सरकारी भरपाईसाठी हॉबर्टचं शेत बघायला हाच क्लेल आला होता. भरपाईच्या समितीवर इथले शेतकरी मतं देऊन आपल्यातलाच एकजण बसवतात, आणि कित्येक वर्षं तो मान क्लेलचा होता. या मानाचा त्याला मनातून फार अभिमान. घरापुढच्या शेतातल्या तंबाखूची चाळण झालेली त्याने स्वतः पाहिली होती. टेकडीमागचंही तसंच गेलं, असं हॉबर्ट म्हणाला. क्लेलचा गुडघा दुखत होता आणि दोस्ती शाळेपासूनची. त्याने 'सगळं पीक गेलं' म्हणून सही ठोकली. पैसेही आले.

त्यामुळे आज लाकडं फोडायची, फार तर कुंपण नीट करायचं, असाच त्याचा हिशेब होता. तेवढ्यात हॉबर्टची बायको ओमा कॉफी घेऊन बाहेर आली.

"लाकडं राहू देत रे. आधी मागची तंबाखू कापा. हॉबर्टचा जीव तिच्यातच अडकलाय."

क्लेलला वाटलं, बाई काळजीने काहीतरी बरळतेय. तो गुडघा ओढत टेकडी चढला आणि माथ्यावर थिजून उभा राहिला. खाली पोटरीपासून खांद्यापर्यंत पिवळसर, रुंद, धडधाकट पानं. एकाही पानाला भोक नव्हतं.

बाकीचे सरळ शेतात उतरले आणि खोडं कापून वाळत टांगण्यासाठी टोकदार काठ्यांवर ओवू लागले.

"थांबा," क्लेल कसाबसा म्हणाला. "हे सगळं गेलं म्हणून मी सही केलीय."

"आणि काय झकास केलीस," व्हर्जिल स्टँपर वर न बघताच म्हणाला. बाकीचे हसले.

"मला हे माहीत नव्हतं, व्हर्जिल."

"बरं, नव्हतं. आमच्यापुढे कशाला सोवळं नेसतोस? माझी ओढ्याकाठची तंबाखू पुरात गेली तेव्हाही तुला माहीत नव्हतं."

"ती गेली नव्हती?"

आता कोयते थांबले. व्हर्जिलने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

"अरे देवा. तुला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "क्लेल, आम्ही दर वेळी तुलाच मत का देतो, असं तुला वाटत होतं?"

हॉबर्टने फसवलं हे क्लेल एक वेळ गिळू शकला असता. पण ही सगळी माणसं त्याला इतकी वर्षं आपल्यातला चोर समजत होती, आणि म्हणूनच त्याच्यावर माया करत होती, हे त्याला गिळवेना. तो बांधावर बसून राहिला. त्याला कुणी काम सांगितलं नाही.

दुपारी ओमाने झाडाखाली टेबल मांडलं. तळलेलं चिकन, शिजवलेला घेवडा, मक्याचा पाव. प्रार्थना नेहमीप्रमाणे क्लेलकडे आली. सगळ्यांनी टोप्या काढल्या, माना खाली घातल्या.

क्लेलने डोळे मिटले नाहीत. "सोमवारी मी भरपाईच्या कचेरीत जाणार आहे," तो म्हणाला. "शेत न बघता सही केली, हे आधी माझं सांगेन. मग उरलेलं सगळं."

आमेन कुणीच म्हटलं नाही. ओमा घेवडा वाढत होती. तिने डाव भांड्यात ठेवला, टेबलाला वळसा घालून आली आणि क्लेलच्या पुढची भरलेली थाळी उचलून घरात घेऊन गेली.