आईची एक बावन्न

पोहण्याच्या तलावावर वेळ मोजायचा प्रोग्रॅम धाकटीनं फुकटात लिहून दिला होता. कारण एकच, आई. वडील गेल्यावर दोन वर्षं आईनं घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मग चौसष्टाव्या वर्षी काय मनात आलं कोण जाणे, ती एक दिवस काळी टोपी आणि गॉगल विकत घेऊन आली आणि सकाळच्या ज्येष्ठांच्या तुकडीत नाव घालून मोकळी झाली. पहिले तीन महिने काठाचा गज सोडला नाही. चौथ्या महिन्यात सुटली ती सुटलीच.

तुकडीत अकरा जण होते. त्यांना शिकवणारे सर आधी सगळ्यांच्या वेळा एका जाड वहीत लिहीत. ती वही निम्मी भिजलेली असायची. धाकटी एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहिण्याचंच काम करायची, म्हणून आईनं परस्पर सांगून टाकलं, "आमची धाकटी करून देईल की." अडतीस वर्षांची झाली तरी ती घरात धाकटीच होती, आणि आईनं बाहेर दिलेला शब्द पाळायचं काम लहानपणापासून तिच्याकडेच होतं.

व्यवस्था साधी होती. सर बटण दाबून शिट्टी फुंकत. पोहणारा पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येई आणि काठाच्या रबरी पट्टीला हात लावी. हात लागला की घड्याळ थांबे आणि वरच्या फलकावर लाल आकड्यांत वेळ उमटे. शनिवारी एक कागद छापून निघे. त्यावर प्रत्येकाची आजवरची सर्वोत्तम वेळ असे. जुन्या वेळा सरांच्या वहीतून धाकटीनंच भरल्या होत्या. पंपाच्या खोलीतला कॉम्प्युटर कधी बंद होत नसे. सगळं कसं झकास चाललं होतं.

एका मंगळवारी आई पायऱ्या चढत आली तीच ओरडत, "एक बावन्न! एक मिनिट बावन्न सेकंद!"

धाकटी तेव्हा डबा भरत होती. "वा!" म्हणाली आणि झाकण लावलं.

शनिवारचा कागद घेऊन आई आली ती मात्र गप्पच. टेबलावर कागद पसरला आणि आपल्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "हे बघ. इथे दोन सात लिहिलंय."

"मग दोन सात असेल."

"अगं, मंगळवारी एक बावन्न झाली. फलकावर बघितली मी, या डोळ्यांनी."

"गॉगल घालून?"

"गॉगल काढून!"

धाकटीनं तलावावर जाऊन कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. दोन मिनिटं सात सेकंद. तिनं सरांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, तुमचा कॉम्प्युटर आल्यापासून मी फलकाकडे बघतच नाही. त्यासाठीच तर आणला." आईच्या शेजारच्या पट्ट्यात पोहणाऱ्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माझा चष्मा काठावर आणि मी पाण्यात. मला नुसतं लाल लाल दिसतं."

"आई, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?" घरी येऊन धाकटी म्हणाली.

"आणि मी कशाला बोलेन?"

धाकटीनं विषय बदलला.

पुढच्या शनिवारी आईनं कागद दाखवलाच नाही. नुसतं म्हणाली, "गेल्या खेपेला दोन सात होती, आता दोन अकरा झाली." धाकटीला आधीचा आकडा आठवत नव्हता. सात काय आणि अकरा काय, आईची गल्लत होतेय एवढंच तिच्या डोक्यात बसलं. आणि एकदा बसलं म्हटल्यावर तिला जिकडे तिकडे तेच दिसायला लागलं. आईचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. आईनं एकाच आठवड्यात दोनदा किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं. तसं पाहिलं तर धाकटीनं स्वतः त्याच महिन्यात तीनदा ओढून घेतलं होतं, पण तिचं वय कोण मोजतंय! फोनवर थोरली बहीण म्हणाली, "एकदा दाखवून आण. वेळेत कळलेलं बरं."

डॉक्टरांनी आईला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. चमचा, खिडकी, दोरी, पिवळा, चाक. मग घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं, आणि शेवटी शब्द विचारले. आईनं ते सुलट सांगितले, उलट सांगितले आणि वर म्हणाली, "आणि तुम्ही मघाशी बाहेरच्या म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायला सांगितलीत ना, ते अजून उभेच आहेत."

डॉक्टर हसले. पण धाकटीला बाजूला घेऊन म्हणाले, "तसं काही दिसत नाही. फक्त एक. विसरणं वेगळं आणि न घडलेलं ठामपणे आठवणं वेगळं. लक्ष ठेवा."

झालं! म्हणजे विसरली असती तर बरं, असं काहीसं होतं का ते? धाकटीला धीर आला की गेला तेच तिला कळेना. बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. उतरायच्या आधी तिनं विचारलं, "मला भ्रम झालाय असं वाटतं का गं तुला?"

"नाही गं."

"मग आपण कुठून येतोय?"

सोमवारी आई तलावावर गेली नाही. मंगळवारीही नाही. तिचा पोहण्याचा पोशाख न्हाणीघराच्या दांडीवर वाळून कडक झाला.

त्या गुरुवारी सकाळी धाकटी डॉक्टरांची चिठ्ठी शोधायला आईचं कपाट उघडून बसली. चिठ्ठी सापडली नाही. साड्यांखाली दोन शनिवारचे दोन कागद घडी घालून ठेवलेले सापडले. एकावर आईच्या नावापुढे दोन सात, दुसऱ्यावर दोन अकरा. बाकी दहा जणांच्या वेळा दोन्हीकडे सेकंदासकट त्याच.

म्हणजे आईची गल्लत झालीच नव्हती. दोन्ही आकडे तिनं बरोबर सांगितले होते.

धाकटी कागद हातात घेऊन तशीच जमिनीवर बसून राहिली. वजन वाढतं, रक्तदाब वाढतो, पण सर्वोत्तम वेळ वाढेल कशी? ती एकतर कमी होईल नाहीतर तिथेच राहील. सात होती तर अकरा व्हायचं कारणच नाही. आणि बिघाड असेल तर सगळ्यांच्या वेळा बिघडायला हव्यात, एकट्या आईच्याच का? प्रोग्रॅम काय माणूस बघून वागतो?

ती कागद घेऊन तशीच ऑफिसात गेली आणि सिमेंटसमोर जाऊन उभी राहिली. सिमेंट म्हणजे तिथला सगळ्यात जुना माणूस. कोणाचाही प्रोग्रॅम तपासायला दिला की "हे बदलता येतंय, इथे सिमेंट घाल" असा शेरा मारायचा, म्हणून हे नाव पडलेलं. त्यानं तिचा प्रोग्रॅम उघडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे वाचला.

"इथे म्हटलंयस, आजची वेळ कमी भरली तर आजची हीच सर्वोत्तम."

"हो. बरोबरच आहे की."

"आणि दुसऱ्या दिवशी आजचीचं काय करतेस?"

"त्यातले आकडे पुसून नवे भरते. रोज नवी नोंद कशाला बनवायची? आहे तीच वापरायची."

"पुसलेस कोणाचे?"

"आजचीचे."

"आणि सर्वोत्तम कोण होती?"

धाकटी पडद्यावरच्या त्या ओळीकडे वाकली.

"नावं दोन आहेत, वस्तू एकच," सिमेंट म्हणाला. "तुला घरी धाकटी म्हणतात आणि इथे बाई म्हणतात. बाईंचा पाय मोडला तर धाकटी धड चालेल काय? मंगळवारी आजची आणि सर्वोत्तम एक झाल्या. त्यानंतर रोज तू आजची बदललीस, तशी सर्वोत्तमही बदलत गेली."

"पण बाकीच्या दहांचं असं का नाही झालं?"

"त्यातल्या कोणी आपली जुनी वेळ मोडली का?"

नव्हती मोडली. सगळे जुने पोहणारे, वर्षानुवर्षं त्याच त्या वेळेत डुलत डुलत येणारे. वेळ मोडली ती फक्त आईनं, आणि म्हणून पुसली गेली ती फक्त आईची. आई आळशीपणानं पोहली असती तर तिचा आकडा सुखरूप राहिला असता! धाकटीला हे दोनदा मनात म्हणून बघावं लागलं, तरी नीट पटेना.

"वेळेची लांबी ही संख्येसारखी धरायची," सिमेंट सांगत होता. "सातात एक मिळवलास तर आठ मिळतात. सातचे आठ होत नाहीत. सात जगात तसाच राहतो. एक मिनिट बावन्न सेकंद हे तसंच. एकदा बनलं की बदलता येणार नाही अशा प्रकारात ठेव. मिळवायचं, वजा करायचं, तर दर वेळी नवी वेळ तयार होईल. जुनीला हात लागणार नाही."

"म्हणजे सिमेंट."

"म्हणजे सिमेंट," तो म्हणाला. हे नाव त्याला माहीत होतं हे तिला तेव्हा कळलं.

तिनं दुपारपर्यंत सगळं बदललं आणि संध्याकाळी तलावावर जाऊन बसवून आली. घरी मात्र काही बोलली नाही. एकदा तोंडावर आपटल्यावर लगेच दुसऱ्यांदा छातीठोकपणे काही सांगायची तिची हिंमत नव्हती. आधी सकाळ होऊ दे, असं स्वतःशीच म्हणाली.

आणि ती बोलली नाही तेच बरं झालं. सकाळी ती काठावर उभी असताना पोस्टातल्या बाईंनी पट्टीला हात लावला, चष्मा मागून घेतला आणि फलक वाचून खवळल्या. "काल दोन वीस, आज दोन तेवीस? एका दिवसात मी म्हातारी झाले काय?" पाठोपाठ आलेल्या आजोबांचेही तीन सेकंद वाढले. त्यामागच्यांचेही तीनच.

आता न बदलणाऱ्या वेळा ठेवल्या, तरी बदल कुठून आला? तिनं तिथूनच सिमेंटला फोन लावला.

"हिशेबात तीन सेकंद कुठल्या ओळीत येतात?" त्यानं विचारलं.

ते तिला ठाऊक होतं. सर आधी बटण दाबत, मग शिट्टी शोधत, मग फुंकत. त्यात नेमके तीन सेकंद जात, म्हणून ते प्रत्येकाच्या वेळेतून वजा करायची ओळ तिनं घातली होती. ती ओळ अजून होती. तिनं वाचून दाखवली.

"वजा केलंस. उत्तर कुठे ठेवलंस?"

"ठेवायचं कशाला? वेळेतून तीन गेले की वेळ कमी..." इथे ती थांबली.

"कमी कशी होईल? ती आता बदलत नाही ना?" सिमेंट म्हणाला. "तू वजाबाकी केलीस, नवी वेळ तयार झाली, आणि तू ती न बघताच टाकून दिलीस."

जे बदलायला नको होतं ते बदलत होतं, आणि आता जे बदलायला हवं ते ढिम्म हलत नव्हतं. आणि दोन्ही वेळा चूक तिचीच. तिनं उत्तराला नाव दिलं आणि ते फलकावर पाठवलं. पोस्टातल्या बाई पुन्हा पोहल्या, दोन वीस आली, आणि शांत झाल्या.

संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती. धाकटी समोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. दोन नावं, एक वस्तू, पुसलेले आकडे. आई सोलत राहिली.

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"हो."

"आणि तू मला डॉक्टरकडे नेलंस."

"हो. चुकलं माझं, आई."

आईनं एक शेंग उघडली, आत किडका दाणा निघाला, तो बाजूला टाकला. "त्या डॉक्टरांची खुर्ची तरी दिली का त्या म्हाताऱ्यांना, कोण जाणे," ती म्हणाली. रागावली होती की नाही, तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"तुझी एक बावन्न मी हातानं भरते," धाकटी घाईनं म्हणाली. "कॉम्प्युटरमधून ती पुसली गेलीय, परत मिळणार नाही. पण तू सांगतेस ना, मग बस झालं."

आईचे हात थांबले.

"नको भरूस," ती म्हणाली.

"का?"

"इतके दिवस तुम्ही सगळ्यांनी नाही नाही म्हटलंत, तर मीही मनात उलटसुलट करून बघत बसले. एक बावन्न होती की दोन बावन्न? दोन बावन्न तर मी सुरुवातीला पोहायचे. तेव्हाचं तर नसेल आठवत?" तिनं वर पाहिलं. "त्या दिवशी मी नक्की काय ओरडले गं? तू तर इथेच होतीस."

धाकटीनं आठवायचा प्रयत्न केला. डबा आठवला, झाकण आठवलं, "वा!" म्हटलेलं आठवलं. आईच्या तोंडचा आकडा मात्र तिला शपथेवर सांगता येईना. पुढे इतक्यांदा ऐकला होता की पहिल्यांदा काय ऐकला ते त्याखाली बुडून गेलं होतं.

"एक बावन्नच," ती म्हणाली.

आईनं मान हलवली आणि पुढची शेंग घेतली.

सोमवारी आई तलावावर गेली. अंग आखडलं होतं, तरी दोन तीन आली, आणि तीच तिची सर्वोत्तम म्हणून लागली. मंगळवारी दोन नऊ, बुधवारी दोन सहा. शनिवारचा कागद निघाला तेव्हा धाकटी पंपाच्या खोलीत मुद्दाम थांबली होती. आईच्या नावापुढे दोन तीन. जागची हलली नव्हती.

आईनं ओल्या हातानं कागद घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "दोन तीन? मला दोन दोन वाटली होती."

धाकटीच्या ओठांवर 'नाही' आलं होतं, ते तिनं गिळलं. ती मागे वळली, कॉम्प्युटरसमोर बसली आणि प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. आई दारात टॉवेल गुंडाळून उभी, पायाशी पाण्याचं थारोळं. पाऊण तास गेला. चूक कुठेच नव्हती.

"दोन तीनच आहे, आई."

"असेल मग," आई म्हणाली आणि हसली. "मी सहज म्हटलं."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. ते हसू गमतीचं होतं की आणखी कशाचं, तिला काही केल्या ठरवता येईना. तोवर आई कागदाची घडी घालून चपला शोधायला लागली होती.